गाडी सुरू का होत नाही? : जुन्या व्हॅनच्या निमित्ताने

समजा, समुद्रकाठच्या एका गावातील लहानशा शाळेपाशी पेट्रोलवर चालणारी एक जुनी व्हॅन आहे. दूरच्या वाड्यांवरील सहा-सात मुले तिच्यातून शाळेत येतात. एके दिवशी सकाळी चालकाने किल्ली फिरविली. गाडी दोनदा कण्हली आणि गप्प झाली. भोवती माणसे जमली. त्यांतील प्रत्येकापाशी निदान तयार होते. एक म्हणाला, "बॅटरी गेली." दुसरा म्हणाला, "पेट्रोलमध्ये कचरा आला असेल." तिसऱ्याने प्लगांवर संशय घेतला. अखेर बॅटरीच्या बाजूने बहुमत झाले. शाळेने शिल्लक पैशांतून नवी बॅटरी आणली, जुनी मोडीत दिली, आणि गाडी सुरू झाली. सर्वांचे समाधान झाले. परंतु नवव्या दिवशी सकाळी ती गाडी पुन्हा तशीच दोनदा कण्हली आणि तशीच गप्प झाली.

हे उदाहरण कल्पित आहे; तथापि असे प्रसंग ज्याने पाहिले नाहीत असा मनुष्य विरळा. यात चूक नेमकी कोठे झाली? बॅटरीचा संशय घेण्यात चूक नव्हती. तो संशय रास्तच होता. चूक झाली ती संशय आणि सिद्धांत यांतील अंतर न ओळखण्यात. औषध दिले आणि रोग्याला बरे वाटले, एवढ्यावरून निदान खरे ठरत नाही. मग ते खरे की खोटे हे कसे ठरवावे? प्रस्तुत पुस्तिकेत आपण हाच प्रश्न एका जुन्या व्हॅनच्या आधाराने सोडविणार आहोत.

गाडीची ओळख

एका कुटुंबाला किंवा लहानशा समूहाला पुरेल अशी, पेटीच्या आकाराची छोटी व्हॅन आपल्या देशात घरोघर ठाऊक झाली ती १९८४ सालापासून. त्या वर्षी गुरगाव येथील मारुती कारखान्यातून या प्रकारची गाडी बाहेर पडली. पुढे ती 'ओम्नी' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तिचे एंजिन ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेचे व तीन सिलिंडरांचे असून ते पुढच्या आसनांखाली बसविलेले असते. आसन उचलले की एंजिन दिसते. देशाच्या सर्व भागांत शाळा, दुकाने व रुग्णवाहिका यांच्या कामी अशा व्हॅन वापरल्या गेल्या, आणि त्यांतील पुष्कळ अद्यापही रस्त्यावर आहेत. जुन्या गाड्यांत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण कार्बोरेटर करीत असे. नंतरच्या गाड्यांत हे काम पेट्रोलचा सूक्ष्म फवारा सोडणारी, संगणकाने नियंत्रित केलेली यंत्रणा करू लागली. पुढील विवेचन मुख्यतः कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला धरून आहे.

अशा एंजिनाला सुरू होण्यासाठी चार गोष्टी लागतात. पहिली, बाहेरून मिळणारी गती. ज्याला आपण पिस्टन म्हणतो तो दट्ट्या सिलिंडरमध्ये वरखाली होऊ लागल्यावाचून हवा आत ओढली जात नाही, आणि एंजिन स्वतःच्या बळावर पहिली फेरी घेऊ शकत नाही. दुसरी, योग्य प्रमाणातील इंधन. वजनाच्या हिशेबाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. तिसरी, ते मिश्रण घट्ट दाबले जाणे. चौथी, नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. या चारांपैकी एक जरी नसली तरी एंजिन सुरू होत नाही, आणि चारही असताना ते सहसा बंद राहात नाही.

पहिली गती पूर्वी हाताने द्यावी लागे. एंजिनाच्या पुढच्या बाजूस दांडा घालून तो फिरवीत, आणि एंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेले विद्युत् आरंभक आले आणि हा दांडा हळूहळू नाहीसा झाला. हे आरंभक म्हणजे बॅटरीवर चालणारे एक छोटे पण जोरकस चलित्र होय. आपल्याकडील कारागीर त्याला 'सेल्फ' म्हणतात. या लेखातही तेच नाव वापरू.

एका वाक्यात दडलेल्या दोन तक्रारी

'गाडी सुरू होत नाही' या वाक्यात दोन अगदी भिन्न तक्रारी दडलेल्या असतात. एकीत किल्ली फिरविली असता एंजिन फिरतच नाही, किंवा कण्हत कण्हत फिरते. दुसरीत ते नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही. पहिल्या तक्रारीत दोष बॅटरी, तिच्या तारा, किल्लीचे बटण किंवा सेल्फ यांत शोधावयाचा असतो. तेथे कार्बोरेटर उघडून बसणे म्हणजे विहिरीत हरवलेली वस्तू माळ्यावर शोधण्यासारखे आहे. उलट, दुसऱ्या तक्रारीत बॅटरी व सेल्फ यांनी आपले मुख्य काम बजावलेले असते. शोध घ्यावयाचा तो ठिणगी, इंधन आणि दाब यांचा.

म्हणून पहिला प्रश्न 'कोणता भाग बिघडला?' हा नव्हे. 'एंजिन फिरते की नाही?' हा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर कानाने मिळते, त्याला पैसा लागत नाही, आणि त्या एका उत्तराने सुमारे अर्धे संशयित निर्दोष सुटतात. चांगल्या प्रश्नाचे लक्षणच हे की, त्याचे उत्तर 'होय' असो की 'नाही' असो, शोधाचे क्षेत्र लहान होते. ज्या प्रश्नाच्या कोणत्याही उत्तराने आपले पुढचे पाऊल बदलत नाही, तो विचारण्यात श्रम वाया जातात.

आपल्या शाळेच्या व्हॅनचे एंजिन फिरत नव्हते. ते कण्हत होते. अर्थात प्लग आणि पेट्रोल यांच्यावरील संशय पहिल्याच पायरीवर दूर व्हावयास हवा होता. राहिली बॅटरी. पण बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या मार्गावर ती एकटीच नाही.

दिव्याची साक्ष

आता दुसरा प्रश्न. गाडीचे पुढचे दिवे लावावेत, एका माणसाने समोर उभे न राहता बाजूने त्यांच्याकडे पाहावे, आणि दुसऱ्याने किल्ली फिरवावी. दिव्यांचे काय होते?

दिवे एकदम मंद होऊन विझू लागले, तर बॅटरीत बळ उरलेले नाही, तिच्या टोकांची पकड सैल आहे, किंवा सेल्फ अडकून अतोनात प्रवाह ओढीत आहे. दिवे अगदी जसेच्या तसे राहिले आणि कसलाच आवाज आला नाही, तर सेल्फकडे प्रवाह गेलेलाच नाही. किल्लीचे बटण, फ्यूज, रिले अथवा सेल्फमधील झिजलेले ब्रश यांकडे वळावे. सेल्फ भर्रकन फिरल्याचा आवाज आला पण एंजिन हलले नाही, तर सेल्फचे लहान चाक एंजिनाच्या दात्यांत गुंतत नाही असे समजावे. चौथी शक्यता मोठी विलक्षण आहे. सेल्फ कण्हतो, पण दिवे मात्र जवळजवळ पूर्ण तेजाने तेवत राहतात. याचा अर्थ काय?

बॅटरी दुबळी असती तर दिवेही दुबळे झाले असते, कारण दोघांनाही तीच पोसते. दिवे तेजस्वी आहेत, म्हणजे बॅटरीपाशी दाब शाबूत आहे. मग सेल्फला जो दाब मिळत नाही, तो वाटेत कोठे तरी खर्च होत असला पाहिजे. आणि ती वाट अशी हवी की, जिच्यावरून सेल्फचा प्रवाह जातो पण दिव्यांचा जात नाही.

अशी वाट गाडीत खरोखरच असते. मोटारगाडीत प्रत्येक उपकरणाला दोन तारा नेत नाहीत. बॅटरीचे धन टोक तारांनी उपकरणांना जोडतात आणि ऋण टोक गाडीच्या पोलादी सांगाड्याला जोडतात. प्रवाह परत येतो तो सांगाड्यातून. दिवे सांगाड्याला जोडलेले असल्याने त्यांचा प्रवाह सरळ परततो. सेल्फ मात्र एंजिनावर बसविलेला असतो, आणि एंजिनाचा कंप आसनापर्यंत पोहोचू नये म्हणून ते रबरी आधारांवर ठेवलेले असते. रबरातून वीज जात नाही. यासाठी पुष्कळ गाड्यांत एंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या तारांची एक आखूड जाड पट्टी बसवितात. कारागीर तिला 'अर्थिंगची पट्टी' म्हणतात. सेल्फचा सारा प्रवाह या वीतभर पट्टीवरून परततो. ती गाडीच्या खालच्या अंगाला असते, चिखलपाणी तिच्यावर उडते, आणि समुद्रकाठची खारी हवा तिच्या टोकांना हिरवट गंज चढविते. रत्नागिरी असो, पुरी असो की तुतिकोरिन असो, हा गंज सर्वत्र सारखाच.

ओहमचा नियम काय सांगतो

एवढ्याशा गंजाने एवढा अनर्थ कसा होतो, हे समजण्यास थोडे गणित पुरेसे आहे. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम सांगतो की, एखाद्या मार्गावर जेवढा दाब खर्च होतो, तो त्या मार्गाचा रोध आणि त्यातून जाणारा प्रवाह यांच्या गुणाकाराइतका असतो. गंजलेल्या जोडाचा रोध ०.०५ ओहम आहे असे धरू. ही राशी इतकी लहान आहे की, साध्या मापकाला ती नीट दिसतही नाही.

या जोडातून एखादा दिवा ५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर खर्च होणारा दाब ०.०५ गुणिले ५, म्हणजे पाव व्होल्ट. बारा व्होल्टांत पाव व्होल्ट गेला तर दिव्याला त्याची खंत नाही. परंतु सेल्फ ८० अँपिअर ओढू पाहतो. ०.०५ गुणिले ८० म्हणजे ४ व्होल्ट. बॅटरीपाशी ११.५ व्होल्ट असतील, तर सेल्फच्या वाट्याला ७.५ व्होल्टच येतात, आणि तो कण्हतो. गेलेले ४ व्होल्ट गुणिले ८० अँपिअर, म्हणजे ३२० वॉट इतकी शक्ती त्या जोडात उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणूनच किल्ली सोडल्यावर असा जोड हाताला गरम लागतो. कधी कधी तर परतीचा प्रवाह नवी वाट शोधतो आणि ॲक्सिलरेटरच्या पोलादी तारेतून वाहू लागून ती तापवितो. पाहणारा मात्र त्या तारेचे का बिनसले याचा विचार करीत बसतो.

यातून तपासणीची पद्धत आपोआप निघते. साधा व्होल्टमापक घ्यावा. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटाला, दुसरे एंजिनाच्या उघड्या धातूला लावावे, आणि दुसऱ्या माणसास किल्ली फिरविण्यास सांगावे. मार्ग निर्दोष असेल तर मापकाचा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. आपल्या व्हॅनमध्ये तो ४ दाखवील. मग टोके एकेक पायरी पुढे सरकवीत जावे: खुंटापासून तारेच्या पकडीपर्यंत, पकडीपासून सांगाड्यापर्यंत, सांगाड्यापासून एंजिनापर्यंत. ज्या पायरीवर आकडा एकदम उडी घेतो, तेथे दोष आहे. हीच रीत धन बाजूलाही लागू आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ही परीक्षा सेल्फ फिरत असतानाच घ्यावयाची असते. गाडी शांत उभी असता त्याच जोडातून प्रवाहच जात नाही, म्हणून दाबही खर्च होत नाही आणि मापक सर्व ठीक असल्याचे सांगतो. ओझे लावल्याशिवाय दोराची परीक्षा होत नाही, तसेच हे आहे.

बॅटरी दोषी असेल तेव्हा

याचा अर्थ बॅटरी कधीच दोषी नसते असा नव्हे. शिसे व गंधकाम्ल यांची विद्युत् घटमाला फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली तयार केली, आणि मूलतः तीच आजही आपल्या गाडीत आहे. तिच्यात सहा घट असतात व प्रत्येकाचा दाब २ व्होल्टांहून किंचित अधिक असतो. पूर्ण भरलेली, काही तास विश्रांती घेतलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ च्या आसपास ती अर्धी झालेली असते, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी समजावी. सेल्फ फिरत असताना तिच्याच खुंटांवरील दाब साडेनऊ व्होल्टांच्या खाली कोसळत असेल, तर संशय पक्का होत जातो.

परंतु तेथेही घाई नको. बॅटरी रिकामी आहे हे कळले, तरी ती का रिकामी झाली हे कळलेले नसते. ती म्हातारी झाली असेल. किंवा तिला भरणारे जनित्र काम करीत नसेल. किंवा रात्रभर कोणी तरी तिच्यातून चोरून वीज घेत असेल. एंजिन चालू असता खुंटांवर सुमारे १४ व्होल्ट दिसावयास हवेत. तेथेही १२ च दिसत असतील, तर जनित्र अथवा त्याचा पट्टा पाहावा. आणि मागील दार नीट न लागल्यामुळे आतला ५ वॉटचा एक दिवा जळत राहिला, तर तो दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास वीज खातो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तो साडेतीन दिवसांत संपवितो. अशा गाडीत कितीही नव्या बॅटऱ्या बसविल्या, तरी त्या दिव्याची भूक भागणार नाही.

एंजिन फिरते, पण पेट घेत नाही

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. येथे साक्षीदार आहे तो प्लग. काही वेळ एंजिन फिरवून झाल्यावर प्लग काढून त्याच्या टोकाकडे पाहावे. ते कोरडे ठणठणीत असेल, तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही. ते पेट्रोलने ओले असेल, तर इंधन येत आहे. मग ठिणगी पडत नाही, किंवा इंधन गरजेहून अधिक आले आहे.

कोरड्या प्लगाच्या वाटेने गेले, तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा मार्ग तपासावयाचा. टाकीत पेट्रोल आहे ना, हे काट्यावर विसंबून न राहता पाहावे. जुना काटा खोटे बोलतो. ज्या गाडीत गॅसचा संच बसविला आहे, तिचे बटण रिकाम्या गॅसकडे तर वळलेले नाही? गाळणी तुंबली आहे काय? पंपाचा पडदा फाटला आहे काय? बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि चिकट लुकण मागे राहते; ते कार्बोरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजविते. आपल्या देशात २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्याच्यासाठी बनविलेले नव्हते. यास्तव जुन्या नळ्या व पडदे यांच्यावर अधिक लक्ष ठेवावे.

ओल्या प्लगाच्या वाटेने गेले, तर ठिणगी तपासावी. बॅटरीच्या १२ व्होल्टांपासून प्लगाला लागणारे दहा हजार किंवा त्याहून अधिक व्होल्ट तयार करते ते कॉईल, म्हणजे तारेची दोन वेटोळी. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेल्या विद्युत् प्रवर्तनाच्या तत्त्वावर ते चालते. एका वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला की दुसऱ्यात प्रचंड दाब उत्पन्न होतो. जुन्या गाड्यांत हा प्रवाह 'पॉइंट' नावाची लहानशी जोडी तोडते. ती जळली, अथवा तिच्यातील सुमारे अर्धा मिलिमीटर अंतर बिघडले, की ठिणगी क्षीण होते. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात ओल साठते आणि वीज प्लगाकडे न जाता त्या ओलीतून पळते. कोरड्या फडक्याने टोपण आतून पुसल्यावर चालू झालेल्या गाड्या थोड्या नाहीत.

या ठिकाणी तर्काचा एक उपयुक्त नियम सांगता येईल. तिन्ही सिलिंडरांत ठिणगी नसेल, तर तिन्ही प्लग एकाच रात्री मेले असे मानण्याऐवजी, तिघांना जोडणारे जे एक स्थान आहे, म्हणजे कॉईल अथवा पॉइंट, तेथे आधी पाहावे. उलट, एकाच सिलिंडरात ठिणगी नसेल, तर तो प्लग किंवा त्याचीच तार पाहावी. अनेक ठिकाणी एकच लक्षण दिसले तर समान कारण शोधावे, एके ठिकाणी दिसले तर स्थानिक कारण शोधावे.

ठिणगी आणि इंधन दोन्ही आहेत, तरी एंजिन स्तब्ध आहे, असेही क्वचित घडते. तेव्हा दाबाकडे वळावे. सेल्फ नेहमीपेक्षा हलका व जलद फिरत असेल, तर झडपा चालविणारा पट्टा तुटला असण्याचा संभव आहे. अशा वेळी किल्ली पुन्हा पुन्हा फिरविणे अपायकारक ठरते, कारण काही एंजिनांत दट्ट्या उघड्या झडपांवर आदळतो.

फवारा पद्धतीच्या नव्या गाड्यांत संगणक दोषाचा संकेतांक सांगतो. तो उपयुक्त आहे. पण तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. एखाद्या संवेदकाकडून चुकीची वार्ता येते एवढेच तो सांगतो. संवेदक बिघडला, त्याची तार तुटली, की वार्ताच खरी आहे, हे माणसालाच ठरवावे लागते.

वेळ आणि हवामान यांची साक्ष

'केव्हा?' हा प्रश्नही 'कोठे?' इतकाच महत्त्वाचा आहे. गाडी थंडीच्या पहाटे अडते काय? थंडीत बॅटरीचे बळ घटते, तेल दाटते आणि पेट्रोलची वाफ कमी होते. म्हणून तर चोक ओढून मिश्रण दाट करावे लागते. उलट, भर उन्हात लांबचा पल्ला करून थांबलेली गाडी दहा मिनिटांनी अडते आणि तासाभराने मुकाट्याने सुरू होते काय? मग नळीतच पेट्रोलची वाफ झाली असावी, किंवा तापलेले कॉईल दगा देत असावे. धक्का देऊन गाडी तत्काळ सुरू होते काय? तर ठिणगी, इंधन व दाब ही तिन्ही निर्दोष आहेत, आणि दोष पहिल्या गतीच्या बाजूला आहे. आणि सर्वांत जुना प्रश्न: बिघाडाच्या आदल्या दिवशी कोणी काय काम केले होते?

सावधगिरी

हे सर्व करताना काही नियम पाळलेच पाहिजेत. गाडी सपाट जागी, गिअर मोकळा करून, हँडब्रेक ओढून, चाकांना उटी लावून उभी करावी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि हवेत तो ४ टक्के मिसळला तरी स्फोट होऊ शकतो. म्हणून जवळ ठिणगी किंवा विडी नको. तिच्यातील आम्लाने डोळे जातात. पेट्रोल उघडे असताना ठिणगीची परीक्षा करू नये. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक चालवू नये व मध्ये त्याला विश्रांती द्यावी. बंदिस्त जागेत एंजिन चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विद्यार्थ्यांनी ही कामे जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीच पाहावीत.

पुन्हा शाळेच्या दारात

आता त्या नवव्या दिवसाकडे परत जाऊ. या वेळी कोणी तरी दिवे लावून किल्ली फिरविली. सेल्फ कण्हला, दिवे तेवत राहिले. मापकाने एंजिन आणि बॅटरीच्या ऋण खुंटामध्ये ४ व्होल्ट दाखविले. पट्टीचे बोल्ट सोडविले, तिची टोके व सांगाड्यावरील जागा पोलादी कागदाने घासून लख्ख केली, बोल्ट पुन्हा आवळले. आकडा ०.२ वर आला आणि एंजिन पहिल्याच फेरीत बोलू लागले. खर्च झाला तो पोलादी कागदाच्या एका तुकड्याचा.

मग नव्या बॅटरीने आठ दिवस गाडी कशी चालली? ती बसविताना खुंट घासले गेले होते, नव्या बॅटरीत जोर थोडा अधिक होता, आणि पट्टीवरील गंज त्या वेळी इतका वाढलेला नव्हता. या तिहींनी मिळून दोष आठ दिवस झाकून ठेवला. उपायाने गुण आला म्हणून निदान खरे, हा तर्क येथे फसला. निदान खरे असण्यासाठी आणखी एक अट आहे: ते खोटे ठरू शकेल अशी परीक्षा आधी घेतलेली असावी, आणि त्या परीक्षेतून ते तावून सुलाखून निघालेले असावे. दिव्याची परीक्षा पहिल्याच सकाळी घेतली असती, तर बॅटरी त्याच क्षणी निर्दोष ठरली असती. साक्ष देण्यास दिवे पहिल्या दिवशीही तयार होते. त्यांना विचारले मात्र कोणी नाही.

एकाच वेळी बॅटरी, प्लग आणि पट्टी अशा तीन गोष्टी बदलणारा मनुष्य गाडी कदाचित लवकर चालू करील. पण ती कशामुळे चालू झाली हे त्याला कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तिन्हींचे पैसे भरील. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा व तो वहीत टिपून ठेवावा. प्रयोगशाळेत जी शिस्त पाळतात, ती याहून वेगळी नाही. त्या गावातील शाळेच्या व्हॅनपाशी आता अशी एक वही आहे असे आपण समजू. तिच्या पहिल्या पानावर तारीख आहे, दोन आकडे आहेत, ४ आणि ०.२, आणि खाली चालकाने लिहिले आहे: 'दर पावसाळ्यानंतर पट्टी पाहावी.'